मोजणीसाहेबांचा भोवरा

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि त्या त्र्याहत्तर वर्षांत मी माझी चूक एकदाही कबूल केली नव्हती. ही फुशारकी नाही. चूक झालीच नाही तर कबूल काय करायचं? चौथीत शाळा सोडली तीसुद्धा मास्तर चुकत होता म्हणून. पण त्या वर्षी, पाडव्याच्या आदल्या रात्री, एका माणसापायी माझ्या तोंडून जे निघालं ते आमच्या वाडीत अजून सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात आपल्या घरचं मीठ घालतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. अक्षर वाईट आहे, पण मजकूर खरा आहे.

माणूस म्हणजे आमचे मोजणीसाहेब. नाव होतं त्यांना, पोस्टमन वाचायचा. बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. सगळी नोकरी त्यांनी महाड-पोलादपूरच्या डोंगरांत जमिनी मोजण्यात घालवली. कुणाचा बांध कुठं, कुणाची हद्द कुठं, हे सांगायला हा माणूस साखळी, फीत आणि तीन पायांची दुर्बीण घेऊन यायचा. उंच, वाळलेला, मान जरा पुढं. चालताना पावलं मोजायचे. देवळात गेले तरी मोजायचे.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या आणि धोंडूच्या शेतामध्ये एक बांध आहे. धोंडू माझा चुलतभाऊ. वयानं माझ्याहून दोन वर्षं लहान, बोलण्यानं चार माणसांएवढा. त्यानं मोजणी मागवली. साहेब आले, दुर्बीण लावली, एक डोळा मिटला, आणि माझ्या बापानं घातलेला बांध हातभर माझ्या अंगाला सरकवला. हातभर!

मी म्हटलं, "साहेब, दुर्बीण वाकडी हाय."

"दादा, दुर्बीण सरळ आहे. बांध वाकडा आहे."

"माझ्या बापानं घातलाय तो."

"मग वडिलांनी वाकडा घातलाय."

पुढं दोन वर्षं मी त्यांना रामराम केला नाही. वाटेत दिसले तर मी त्यांच्या मागून येणाऱ्या कुत्र्याला रामराम करायचो.

आणि निवृत्त झाल्यावर हाच माणूस माझ्या दारात उभा. म्हणे, खोली हवी. मी विचारलं, "अख्खं महाड पडलंय, पोलादपूर पडलंय. आमच्या डोंगरात कशाला?"

म्हणाले, "महाडात रात्र होत नाही. चवदार तळ्यापासून एस्टी डेपोपर्यंत फिरून बघितलं. सगळीकडे दिवे. मी या भागातल्या सगळ्या वाड्या पायाखाली घातल्यात. सगळ्यांत जास्त काळोख तुमच्या वाडीत, आणि वाडीत सगळ्यांत जास्त तुमच्या खळ्यात."

आता कुणी आपल्या घरात काळोख आहे म्हटलं तर राग यावा. पण ‘सगळ्यांत जास्त’ म्हटल्यावर मला बरं वाटलं. तरी मी ताठ राहिलो. "माझा हातभर परत द्या, मग खोली."

"तो देता येणार नाही. तो तुमचा नव्हता."

खोलीची गरज त्यांना, आणि बोलणं हे असं! दुसरा कुणी असता तर देतो-देतो म्हणून आत शिरला असता. मी तिथल्या तिथं किल्ली दिली. आपल्या जातकुळीचा हट्टी माणूस क्वचित भेटतो.

सामान टेम्पोतून आलं. गादीत गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं, माणसाएवढं लांब काहीतरी मांडीवर धरून साहेब मागं बसले होते. धोंडूनं लांबून बघितलं आणि वाडीत सांगत सुटला, की साहेबानं मढं आणलं. गादी सोडली तर आत एक पांढरा नळा निघाला, घेरानं कळशीएवढा. त्याच्या तळाशी गोल आरसा. तो आरसा साहेबांनी नोकरीत असताना स्वतः काचेवर काच घासून केला होता. चार वर्षं घासत होते म्हणे. त्यांची बायको गेली तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. एवढं एकदा बोलले, मग पुन्हा तो विषय नाही. गादी त्यांच्याकडे एकच होती आणि ती दुर्बिणीची होती. साहेब आमच्याकडे होते तेवढे दिवस चटईवर झोपले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खळ्यात तीन दगड रोवले. मी गाई सोडून आलो तर तिघांनाही चुना लावून झाला होता. हद्दीचे दगड! माझ्याच खळ्यात!

"हे काय?"

"दुर्बिणीचे तीन पाय. रोज एकाच जागी पडायला हवेत. सुताएवढा फरक चालणार नाही."

"आणि आमचं भात कुठं झोडायचं?"

"दगड सोडून."

त्या वर्षी आम्ही दगड सोडून भात झोडलं. कोंबड्यांना मात्र कळेना. त्या दगडावर चढून बसायच्या. साहेब खिडकीतून हाक मारायचे, "वहिनी, अतिक्रमण!" आणि आमची ही झाडू घेऊन निघायची. पुढं पुढं तर ती स्वतःच कोंबड्यांना म्हणायला लागली, "अतिक्रमण करता गो? उठा!"

या ठिकाणी मला आमच्या हिच्याबद्दल एक सांगायचंय. साहेब आमच्याकडे जेवायचे. चौथ्या दिवशी हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, चुलीपासून पाटापर्यंत अकरा पावलं आहेत. भाकरी गार होते." हिनं पाट काही हलवला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी गरम यायला लागली. ही धावत यायची. पन्नास वर्षं मी गार भाकरी खाल्ली, कारण मला मोजता येत नव्हतं.

साहेबांचा एक ठरलेला शब्द होता. रात्री ते खळ्यात दुर्बिणीला चिकटलेले असले आणि कुणी पडवीत दिवा लावला, की कुणीतरी चावल्यासारखे ओरडायचे, "आभाळ विझलं!" कुणी बिडी पेटवली, आभाळ विझलं. खालच्या रस्त्यानं मोटारसायकल वळली, आभाळ विझलं. वाडीतली लाईट गेली, की घराघरांतून लोक हळहळायचे. एकटे साहेब खळ्यात टाळ्या वाजवायचे. "लागलं! आभाळ लागलं!" मुंबईहून गणपतीला आलेल्या पोरांनी हे उचललं. कुणाचा मोबाईल बंद पडला तरी म्हणायचे, आभाळ विझलं.

स्वतःच्या बॅटरीला त्यांनी लाल कागद लावला होता. लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत म्हणे. आता विचार करा. अमावास्येची रात्र, अंगावर काळी शाल, लाल उजेड, आणि तोंडानं आकडे पुटपुटतायत. धोंडूनं दुसऱ्या दिवशी वाडीभर केलं, साहेब करणी करतो. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतली एक म्हातारी नारळ घेऊन आली. तिची म्हैस आटली होती. साहेब म्हणाले, "आजी, मला म्हशीतलं काही कळत नाही." ती उठेचना. शेवटी त्यांनी तिला दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवले, की निदान काहीतरी बघून जाईल. ती नमस्कार करून गेली. चार दिवसांनी म्हैस दुधाला लागली. पुढल्या महिन्यात खळ्यात तीन बायका आणि एक रेडकू. साहेबांनी रेडकाला बाहेर काढलं, पण बायकांना चंद्र दाखवले.

एवढं सगळं कशासाठी? एका फोटोसाठी.

सप्तर्षी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या शेपटीच्या टोकाला जो तारा आहे, मरीची, त्याच्या जरा खाली, जिथं डोळ्याला काहीसुद्धा दिसत नाही, तिथं म्हणे एक सर्पिल दीर्घिका आहे. मी विचारलं, दीर्घिका म्हणजे काय?

"ताऱ्यांचं गाव, दादा. आपण आकाशगंगेत राहतो. ते दुसरं गाव. तिथून निघालेला उजेड इथं पोचायला दोन-तीन कोटी वर्षं लागतात."

"म्हणजे रस्ता आमच्या वाडीसारखाच."

"आणि भोवऱ्यासारखं फिरतं आहे सगळं गाव."

"मग त्यात कुणाचा बांध कुठं ते कसं कळतं?"

साहेब पहिल्यांदा हसले. "तिथं बांध नाही. म्हणून तर बघतो."

फोटो काढायची त्यांची रीतही जगावेगळी. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, मोटर लावायची. ती मोटर दुर्बिणीला मुंगीच्या चालीनं आभाळाबरोबर फिरवत न्यायची. आणि त्याच जागेवरून त्याच एका गोष्टीचा फोटो काढायचा, शंभर वेळा. मग ते शंभर फोटो कॉम्प्युटरात एकावर एक रचायचे. मी म्हटलं, "एकच माणूस शंभरदा एस्टीत चढला तर काय शंभर माणसं होतात?"

"नाही. पण काळोखात एकदा चढला तर कोण होता ते कळत नाही. शंभरदा चढला तर कंडक्टर ओळखतो."

हे मला पटलं. मी तसं दाखवलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मोटर बिघडली. दुसऱ्या उन्हाळ्यात मी बिघडवलं. म्हणजे माझ्या राबानं.

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पाला, गवत रचून वर माती पसरायची आणि भाजायचं. जमीन भाजल्याशिवाय आमच्याकडे रोप जोमानं येत नाही. त्याचा धूर दऱ्याखोऱ्यांत आठ-आठ दिवस हलत नाही. आणि आमच्या वाडीत पहिला राब आमच्या घरचा. हा मान आहे. माझ्या आज्यापासून आहे. आमचा पेटल्याशिवाय वाडीत कुणी काडी ओढत नाही, आणि आमचा पेटला की तासाभरात चाळीस ठिकाणी धूर. दुसऱ्या वर्षी साहेबांचे शंभरच्या शंभर फोटो ताकासारखे आले. त्यांनी मला बोलावून दाखवले. मी म्हटलं, "ताक चांगलं हाय." त्यांनी कॉम्प्युटर मिटला आणि दुर्बीण पुसायला घेतली. मला ते टोचलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी शिमग्याची पालखी घरी येऊन गेली आणि साहेब पडवीत आले. "दादा, यंदा राब पाडव्यापर्यंत थांबवा. अमावास्येच्या आसपासच्या रात्री मला कोरं आभाळ हवं आहे."

"आमचा राब पालखी गेली की चौथ्या दिवशी पेटतो. बापाच्या वेळेपासून."

"एक वर्ष."

"नाय."

गेले आपले निमूट. मला वाटलं, मिटलं. पण संध्याकाळी ते जेवायला आले ते नेहमीसारखे चुलीकडून निघाले, अकरा पावलं टाकली, आणि बाराव्याला पाटाऐवजी भाताच्या कणगीला धडकले. मी आणि हिनं एकमेकांकडं बघितलं. मग मला मागचं आठवायला लागलं. आठवड्यापूर्वी चहाचा कप बशीच्या शेजारी ठेवलेला. परवा स्वतःच्याच चुना लावलेल्या दगडाला ठेचकाळलेले. ज्या माणसानं डोंगर मोजले त्याचं पाऊल चुकत होतं.

मी भाताचा हात तसाच ठेवून विचारलं, "डोळ्यांना काय झालं?"

"काचबिंदू. डावा गेला. उजवा निघालाय." जणू एस्टीची वेळ सांगत होते. "मुलगी नाशिकला न्यायला येते आहे, पाडव्याला दुपारी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उजवाही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"मग फोटोचं काय करणार? आंधळ्या माणसाला फोटो कशाला?"

ही म्हणाली, "अहो, बोलता काय?"

पण साहेबांना राग आला नाही. म्हणाले, "दादा, एकदा बघितलेलं पुढं आठवता येतं. बघितलंच नाही तर आठवणार काय?"

मी जेवण संपवलं, हात धुतला आणि उंबऱ्यावरून म्हणालो, "पाडव्यापर्यंत काडी लागणार नाय."

कारण कुणाला सांगितलं नाही. कारणं सांगत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि साहेबांच्या डोळ्यांची गोष्ट वाडीत वाटायला माझ्या बापाची नव्हती. वाडी आपली वाट बघत राहिली. चौथा दिवस गेला, आठवा गेला. लोक विचारायला लागले. मी म्हणायचो, "माझा मान, माझी वेळ." धोंडूनं सांगत फिरायला सुरुवात केली, की म्हाताऱ्याला आता काडेपेटी उघडत नाही.

इकडे साहेबांची रोज रात्र वाया चाललेली. एकदा वारा, एकदा ढग. शेवटची रात्र उरली, अमावास्येची. आणि त्या दिवशी दुपारी घाटाच्या बाजूनं काळे ढग चढायला लागले. अवकाळी. रचलेला राब एकदा भिजला की भाजत नाही, नुसता वाफाळतो, आणि मग पावसाळ्यात रोप खुरटतं. वाडीतली दहा माणसं खळ्यात आली, ती दगड सोडून उभी राहिली.

"बाबा, आता पेटवा. आभाळ बघा."

"बघतोय."

"भिजलं तर?"

"भिजंल."

शिव्या देत गेली. मान असा असतो. शिव्या देतात, पण काडी ओढत नाहीत. एक धोंडू सोडून. त्याचा मला भरवसा नव्हता. म्हणून रात्री जेवून मी घोंगडी घेतली आणि राबापाशी जाऊन बसलो. वर घराच्या खळ्यात साहेब दुर्बिणीवर प्लास्टिक टाकून बसलेले. घाटावर वीज लवत होती. मी आयुष्यात देवाकडे पावसासाठी मागणं घातलंय. त्या रात्री पहिल्यांदा उलटं घातलं.

दहा-साडेदहाला वारा फिरला. ढग घाटापलीकडे सरकले आणि आभाळ उघडलं. खळ्यातून मोटरची बारीक घरघर सुरू झाली. सुरू झाली एकदाची, असं म्हणतोय तोच बांधापलीकडं पाला वाजला.

"कोण तिकडं?"

"तुझा बाप."

"बाप मेलाय. कोण ते सांग."

"धोंडू हाय, धोंडू! म्हातारा झालास तरी अक्कल नाय आली. ढग परत फिरतील. राब भिजला तर रोप कशावर टाकू? तुझ्या टकलावर?"

"सकाळी पेटंल."

"सकाळी चिखल पेटवतोस? सरक."

"पहिला आमचा पेटतो."

"मग पेटव ना! ही घे काडी. मी ओढून हातात देतो."

"नाय."

"का नाय?"

"नाय म्हणजे नाय."

त्यानं बांधावर पाय ठेवला. मी उठलो. "धोंडू, बांधावरून खाली उतर."

तो हसला. "बांध माझा हाय रे. तुझ्याच लाडक्या साहेबानं मोजून दिलाय. बांध माझा, बांधापलीकडचा राब माझा, काडी माझी. तू कोण?"

आणि त्याचं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं. साहेबांनी मोजून दिलेला बांध, आणि त्याच बांधावरून साहेबांचं आभाळ विझणार होतं. धोंडूनं खिशातून काडेपेटी काढली. काड्या वाजल्या. माझ्याकडं त्याला द्यायला काय होतं? धमकीला तो भीत नाही. डोळ्यांची गोष्ट सांगितली असती तर वाडीत गेली असती. त्याला आयुष्यभर माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती माझ्या तोंडात होती.

"धोंडू," मी म्हटलं, "काडेपेटी खिशात घाल. तुला एक सांगतो."

"काय?"

"तो हातभर तुझाच होता."

काड्या वाजायच्या थांबल्या. धोंडू बांधावर मटकन खाली बसला.

"काय म्हणालास?"

"ऐकलंस ते."

"मला कमी ऐकू येतं. परत म्हण."

"तुझे कान माझ्याहून चांगले हायेत."

"साहेबाच्या देखत म्हण. मग सकाळपर्यंत काडी ओढत नाय, देवाशपथ."

आम्ही दोघं वर निघालो. वाटेत त्यानं सवयीनं बॅटरी लावली. वरून लगेच, "आभाळ विझलं!" धोंडूच्या हातून बॅटरी खाली पडली. तशीच चाचपडत खळ्यापर्यंत गेलो आणि दगड सोडून उकिडवे बसलो. त्र्याहत्तर वर्षं अडवून धरलेली गोष्ट होती ती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "साहेब, बांधाचं तुमचं बरोबर होतं. हातभर धोंडूचाच होता. मी चुकलो होतो."

"हळू बोला," साहेब म्हणाले. "एकसष्टावा चालू आहे. आणि श्वास तिकडे सोडा."

बस. एवढंच. माझ्या आयुष्यातली एकमेव कबुली, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष नव्हतं. धोंडू मात्र बाकीचे एकोणचाळीस फोटो होईपर्यंत अंधारात हसत होता. त्याचे दात दिसत होते, म्हणजे तसा उजेडच झाला, पण साहेब काही बोलले नाहीत.

मग साहेबांनी कॉम्प्युटर मांडीवर घेतला. एक एक फोटो रचायला लागले. आधी नुसतं राखेसारखं करडं. मग मधे एक डाग. मग त्या डागाला धूसर शेपूट फुटली, मग दुसरी, आणि बघता बघता ते फिरल्यासारखं झालं.

धोंडू म्हणाला, "ह्यो तर सावित्रीच्या डोहातला भोवरा! पुरात ओंडका गिळतो तो."

साहेब पडद्याला नाक लागेल इतके पुढं झुकले होते. मान इकडून करून बघत, तिकडून करून बघत. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाले, "दादा, हे तुम्हाला दिसतंय ना? का माझ्या डोळ्याचाच काही खेळ?"

"दिसतंय."

"वळसे किती? मोजून सांगा."

मी बोट ठेवून मोजले. "दोन."

"धोंडूभाऊ?"

"दोनच. आणि एका वळशाच्या शेवटाला एक बारकं पोर लोंबतंय."

"बरोबर," साहेब म्हणाले. "ती शेजारची धाकटी दीर्घिका." आणि पिशवीतून वही काढली. आता रडतील का काय, असं मला वाटत होतं. पण हा माणूस लाल उजेडात पंचनामा लिहायला बसला! मरीचीपासून दिशा अमुक, वळसे दोन, समक्ष पाहिले. खाली रेघ मारली आणि वही आमच्यापुढं केली. "लगतचे खातेदार म्हणून सह्या करा." जमीन मोजली की शेजारच्यांच्या सह्या घ्यायच्या, ही त्यांची जन्माची रीत. मी सही केली. धोंडूनं केली. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांच्या सह्या एका कागदावर भांडण न होता आल्या.

तो फोटो पुढं मी महाडात नेऊन मोठा करून घेतला आणि काचेत बसवला, बापाच्या फोटोएवढाच. दुकानातल्या पोरानं उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "आजोबा, खाली कैलासवासी कोण लिहू?" मी म्हटलं, "अजून जिवंत हाय." आता तो आमच्या ओटीवर बापाच्या शेजारी आहे. नवीन येणारा माणूस दोघांनाही हात जोडतो. साहेब नाशिकला आहेत. उजवा डोळाही गेला. दर अमावास्येला फोन येतो. हॅलो नाही, बरे आहात का नाही, एकच प्रश्न, "दादा, लागलंय का?" मी खळ्यात जातो, वर बघतो आणि काय आहे ते सांगतो. ते दगड अजून तिथंच आहेत. कोंबड्यांना बसू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते राहिलं.

पहाटे चार थेंब पडले, राबावरची माती काळी झाली एवढंच. पाडवा होता. आमची ही गुढीसाठी काठी धुवून बसलेली. मी म्हटलं, थांब जरा, आणि साहेबांना चटईवरून उठवलं. हाताला धरून राबापाशी नेलं. वाडी जमलेली. धोंडू त्याच्या बांधावर उभा. मी त्याच्याकडून काडेपेटी मागून घेतली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"पेटवा."

"दादा, हा तुमचा मान आहे."

"माझा हाय म्हणूनच कुणाच्या हातानं पेटवायचा ते मी ठरवणार."

वाडीत कुजबुज झाली. साहेबांनी पहिली काडी ओढली, वाऱ्यानं गेली. दुसरी मोडली. तिसरी त्यांनी राबाऐवजी माझ्या धोतराकडे नेली. मग एका बाजूनं मी हाताचा आडोसा धरला, दुसऱ्या बाजूनं धोंडू बांधावरून खाली उतरून आला आणि त्यानं धरला. चौथी काडी गवताला लागली. तडतड झाली, पांढरा धूर उठला, बघता बघता डोंगराएवढा झाला, आणि मग चाळीस ठिकाणी. साहेब खोकत खोकत, सवयीनं, मान वर करून बघायला लागले.

ते तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, "आभाळ विझलं हो साहेब! आणि तुमीच विझवलं!"